प्रोबचं ओझं

"चालतोय ना? मग आता त्याला छळू नका, बाई," गवंडी म्हणाला.

चिपच्या आत काय कुठे बसवायचं, तारा कशा न्यायच्या, हे आखून देणं त्याचं काम. म्हणून सगळं ऑफिस त्याला गवंडी म्हणे आणि तोही आता ओ देऊ लागला होता. आराखडा तिचा, बांधकाम त्याचं. तीन वर्षं दोघं एक ऑसिलेटर, म्हणजे चिपमधलं घड्याळ, घडवत होती. आज कारखान्यातून पहिल्या चिप आल्या होत्या. सकाळभर शीतपेटीत काकडून आलेली एक आता टेबलावर चालत होती.

चिप होती जमिनीखालच्या पाण्याच्या मीटरसाठी. तिथे एकदा बॅटरी घातली की पुन्हा कुणी उघडून बघणार नाही. मीटर बहुतेक वेळ झोपलेला. जागा राहायचा तो एकटा ऑसिलेटर, वेळ मोजत. आणि त्याने खायचं मात्र जवळजवळ काहीच नाही. त्याला जोडलेला क्रिस्टल, स्फटिकाचा एक कपचा, थरथरत राहतो, प्रत्येक थरथरीत थोडी शक्ती हरवते. हरवली तेवढीच भरून द्यायची. जास्त दिली तर बॅटरी संपते, कमी दिली तर थंडीत तो उठतच नाही. या दोन्हींच्या मधली चिंचोळी जागा शोधण्यात तिचे डोळे शिणले होते.

त्या थरथरीतून विजेची लहर उठे, आणि तिचे भाग पाडत पाडत शेवटी सेकंदाला एक ठोका बाहेर येई. समोरच्या मापनयंत्राच्या पडद्यावर तो नेमाने उमटत होता.

"ठोके काय, कुठल्याही घड्याळाचे असेच दिसतात," ती म्हणाली. "मला खुद्द लहर बघायचीय."

"क्रिस्टलच्या त्या पिनला कुणी हात लावायचा नाही, म्हणून मीटिंगमध्ये कोण ओरडतं?"

"मीच."

"मग?"

तिने मापनयंत्राची सुई, प्रोब, उचलली आणि तिचं टोक हळूच पिनवर टेकवलं. पडद्यावर एक गुळगुळीत रेघ क्षणभर वरखाली झाली आणि आडवी पडली. ठोकेही थांबले. एवढ्याशा विजेवर जगणाऱ्याला प्रोबच्या टोकाचंही ओझं होतं. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"झालं समाधान?"

तिने प्रोब उचलला. लहर लगेच उठत नाही. आतल्या बारीकशा कुरबुरीतून सावकाश वाढत येते. दोघं पडद्याकडे बघत राहिली.

"आता नाही उठला तर माझ्या बांधकामाला नावं ठेवायची नाहीत हं," गवंडी म्हणाला.

ठोका आला. मग दुसरा.

"छान होती," ती म्हणाली.

"दिसली कुठे नीट?"

"तेवढी दिसली."

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात गेली आणि तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. तिची लेक सहा-सात महिने मावशीकडेच राहत होती. शिक्षण अर्धवट सोडून ती घरी बसली, तेव्हा आईने तिला रागावलं नव्हतं. फक्त रोज विचारलं होतं. आज काय केलंस, काय ठरवलंस, बरं वाटतंय का. लेक आधी एका शब्दात उत्तर द्यायची, मग मानेने, मग तेही थांबलं. शेवटी बॅग भरून निघून गेली.

"काल दोनदा मागून जेवली," बहीण म्हणाली. "पुस्तकांच्या दुकानात जाते कामाला. मालक खूश आहे."

"माझं काही विचारलं?"

"नाही गं ताई."

"मी रविवारी येते. तिकीट काढलंय."

बहीण म्हणाली, "ये की. मी कोण नको म्हणणारी? पण मागच्या वेळी तू आलीस आणि ती आठवडाभर खोलीबाहेर आली नाही."

"मी काय केलं होतं? नुसतं विचारलं, झोप लागते का म्हणून."

"तेच तर."

तिकडे दार वाजलं. मग आवाज आला, स्वयंपाकघराच्या त्या टोकाहून. "मावशी, या बरणीचं झाकण कुणी लावलंय? पैलवानाने?"

"मीच लावलंय," बहीण म्हणाली. मग फोनवर अगदी हळू, "आलीये. देऊ तिच्याकडे?"

जिन्याचा कठडा तिने घट्ट धरला. "नको."

"मग ठेवू?"

"ठेवू नकोस. फोन ओट्यावर ठेव नुसता. तसाच."

खट् असा आवाज झाला. मग नळ, एक भांडं, आणि झाकण ओट्यावर आपटल्याचे ठोके.

"अगं, फुटेल!"

"फुटू दे. आज मी हरणार नाही." आणि लेक हसली, घसा मोकळा करून, कुणाचीच पर्वा नसल्यासारखी.

गरम पाण्याखाली धर, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने फोनच्या खालच्या बाजूवर तळहात दाबला. वरच्या जिन्यावरून गवंडी उतरत होता. "बाई, ती मीटिंग—" तिने बोट ओठांवर ठेवलं. तो अर्ध्या पायरीवरच थांबला.

"निघालं!" लेक ओरडली.

पावलं दूर गेली, कुठेतरी दार लागलं. ती फोन कानाशी धरून उभी होती. ओट्यावरचा नळ कुणीतरी अर्धवट बंद केला होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. ती ते ऐकत राहिली.