मडक्यात उतरलेला ताप

पाचव्या दिवशी गोविंदाच्या ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ताप उतरवायला गावात आलेल्या सहदेव महाराजांनी पोरीच्या बाजेखालचं मडकं काढलं, पाणी परातीत ओतलं, आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकली. सोमवारी हेच पाणी नितळ होतं, सगळ्यांनी पाहिलेलं. आता त्यात बारीक किडे वळवळत होते.

"पाह्यला ताप?" महाराज म्हणाले. "हाडात लपून बसला होता. आता पान्यात उतरला."

गोविंदाची आई अन्नपूर्णाबाई महाराजांच्या पायांवर वाकल्या. ताप खरंच उतरला होता. गोविंदाची नऊ वर्षांची पोर प्रतीक्षा चार दिवस तव्यासारखी तापली होती. डोळ्यांच्या मागे ठणकतं म्हणून कण्हायची, सांधे धरून रडायची, काल अंगावर लाल पुरळही आलं होतं. आज अंग गार. मडक्याची राखण बाईंनीच केली होती. महाराजांचा नियम कडक होता: मडकं हलवायचं नाही, अन् फडकं तर मुळीच बांधायचं नाही, तापाची वाट बंद होते. पिंपळगाव राजाजवळच्या त्या लहानशा गावात अशी बावीस मडकी मांडलेली होती. ज्या घरी ताप उतरला नाही, तिथे कोणीतरी मडकं हलवलेलं असायचं. महाराजांनी आपली सोय उत्तम लावली होती.

"आता तीन दिवस पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही," त्यांनी बजावलं.

पण प्रतीक्षा उठून बसेना. पेज पाजली ती तिने ओकली, सकाळपासून तिसऱ्यांदा. पोट धरून ती आक्रसून पडली होती आणि उशीवर रक्ताचा डाग होता. अशक्तपणा असेल, असं बाईंनी स्वतःला समजावलं, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात दोन मडकी घेऊन महामाया आत आली. ही गावची आशाताई, आरोग्य कार्यकर्ती. मंगळवारी ती रक्त तपासायला न्या म्हणून सांगायला आली होती, तेव्हा बाईंनीच तिला दारातून परत पाठवलं होतं. तिने पोरीचे हात हातात घेतले, ओठ उघडून हिरड्या पाहिल्या आणि लघवी कधी झाली ते विचारलं. रात्रीपासून झालीच नव्हती.

"मावशी, हा डेंगू वाटते. याच्यात ताप उतरते तवाच खरा धोका राह्यते. रक्तातलं पानी नसांच्या बाहेर झिरपते. मंग हातपाय थंडे पडतात, पोट दुखते, उलट्या होतात, हिरड्यांतून रक्त येते. हे बरं होनं नाही. आत्ताच न्या."

"नेली तर ताप परत चढंन," महाराज शांतपणे म्हणाले. उठू लागलेला गोविंदा परत खाली बसला.

महामायाने आपली मडकी खाली ठेवली. दोन्ही तिने सोमवारीच स्वतःच्या घरी भरली होती, आणि तिच्या घरात कोणालाच ताप नव्हता. फडकं बांधलेल्या मडक्यातलं पाणी नितळ होतं. उघड्यात तेच किडे वळवळत होते.

"या डासाच्या अळ्या हायत. उघड्या पान्यापाशी डास अंडी घालते. फडकं बांधलं का त्याले जागाच भेटत नाही. म्हनून तर हे बांधू देत नाहीत."

गावचा ताप वाट चुकून तिच्या घरी गेला असेल, असं महाराज म्हणाले. कोणी हसलं नाही, आणि कोणी मानही डोलावली नाही.

अन्नपूर्णाबाई परातीकडे पाहत राहिल्या. गावात नळ दहा दिवसांनी येतो. पाणी साठवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पिण्याच्या माठावर त्यांचं फडकं कधी चुकलं नव्हतं, आणि ढोरांच्या उघड्या टाक्यातले हे किडे त्यांनी शेकडो वेळा उपसून फेकले होते. आज तेच किडे पाहून आपण महाराजांच्या पायांवर वाकलो, याची त्यांना लाज वाटली.

"महाराज, माह्या टाक्यात कोनाचा ताप उतरला होता?" त्यांनी विचारलं. उत्तराला न थांबता त्यांनी नातीला उचललं. "गोविंदा, गाडी बोलाव."

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर हाती काही लागलं नसतं. तिसऱ्या दिवशी प्रतीक्षाने भाकर मागितली. महाराज तोवर जीपमध्ये बसून कुठल्याशा पुढच्या गावी गेले होते.

घरी येताच बाई महामायाबरोबर मडकी पालथी घालत निघाल्या. शेवटच्या घरची बाई मडकं दाखवत खुशीत म्हणाली, "पाह्य ना माय, किडे गेले. पानी साफ झालं."

अन्नपूर्णाबाईंनी वाकून पाहिलं. पाण्यावर नुसत्या रिकाम्या साली तरंगत होत्या. अळ्यांचे डास होऊन सगळे उडून गेले होते. बाजेवर त्या बाईचा पोरगा डोळे दाबून कण्हत होता.

बाईंनी मडकं अंगणात उलटं केलं. "ताप मडक्यात उतरत नाही वो, मडक्यातून चढते. पानी झाकून ठेव. ताप आला का दवाखान्यात ने, अन् उतरला तरी पोरावरची नजर हटू देऊ नको. मी हटू दिली होती."

मग त्या बाजेशी बसल्या आणि हात गरम आहे की गार ते पाहायला त्यांनी पोराचा हात हातात घेतला.