दुसरं रीळ उलटं

इंग्लंडातल्या आमच्या लिंकनशरच्या किनाऱ्यावर कुणी सिनेमा काढेल असं मला सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण एकोणीसशे बावन्नच्या उन्हाळ्यात एक फाटकी कंपनी आली, दोन कॅमेरे एकाला एक बांधून आठ दिवस वाळूत नाचली, आणि पुढच्या जूनमध्ये तो विनोदी सिनेमा आमच्याच थिएटरात लागला. पुठ्ठ्याचा चष्मा घालून बघायचा. नट टबात पडला की पाणी थेट आपल्या अंगावर येतं म्हणे!

तिथली सिनेमा दाखवायची यंत्रं चालवायची मी, मॉड ट्रिकेट. लढाईत पुरुष गेले तेव्हा वरच्या या यंत्रांच्या खोलीत शिरले, ती परत निघालेच नाही. या सिनेमाला दोन्ही यंत्रं एकदम चालवावी लागत. एकावर उजव्या डोळ्याचं रीळ, दुसऱ्यावर डाव्या डोळ्याचं.

हेटी सोमवारपासून रोज दुपारच्या खेळाला यायची, पहिल्या रांगेत. तिचा नवरा आल्फ किनाऱ्यावर मुलांना गाढवांवरून फिरवायचा. दुसऱ्या रिळात लठ्ठ नट टबात पडतो ना, तेव्हा पार मागे, पाण्याच्या कडेला, गाढवाचा लगाम धरून आल्फ उभा आहे. हसतोय. जानेवारीत समुद्र बांध फोडून गावात घुसला, तेव्हा गाढवं सोडवायला म्हणून तो गेला. गाढवं पोहत आली. आल्फ आला नाही. घरातले फोटोही त्याच पाण्यात गेले.

"मॉड, मला त्याचा चेहरा आठवेनासा झालाय गं," मंगळवारी जिन्यात हेटी म्हणाली. "इथे दिसतो म्हणून येते, तर किती लांब उभा आहे! आणि पुढे हा मेला जाड्या."

मी जिना उतरेपर्यंत तिचा हात धरून ठेवला.

बुधवारी मध्यंतरात आमचे मॅनेजर पॉकलिंग्टनसाहेब धापा टाकत वर आले. "मॉडबाई, पडद्यावर उजेड कमी आहे. काचा पुसता की नाही?"

"दिव्यात जळणाऱ्या कोळशाच्या नव्या कांड्या द्या, मग उजेड मागा!" मी म्हटलं, आणि त्या तिरमिरीत चुकून दुसऱ्या भागाचं डावं रीळ उजव्या यंत्रावर चढवलं, उजवं डाव्यावर.

पाचच मिनिटांत खाली बोंबाबोंब. "डोळे गेले आमचे!" मी चष्मा लावून भिंतीतल्या भोकातून पाहिलं.

जवळचं सगळं लांब गेलं होतं आणि लांबचं जवळ. टब आणि तो जाड्या दूर बोगद्यात बसल्यासारखे. आणि आल्फ? आल्फ पडद्यातून बाहेर आला होता. पहिल्या रांगेवर, हवेत, गाढवासकट. मोठा नव्हता झाला, होता तेवढाच वीतभर. पण जवळ आला होता. हेटी उठून उभी राहिली आणि तिने त्याच्या पायांखाली आपला तळहात धरला.

अकरा वर्षं मी हे काम करतेय. नुसता उजेड आहे, दुसरं काही नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी दिवा बंद करायला हात गेला होता, तो तसाच राहिला.

पॉकलिंग्टनसाहेब दार आपटत आत शिरले. "बंद करा, बंद करा ते!" मी माझा चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. त्यांनी पाहिलं, आणि गुपचूप जिना उतरून गेले.

खेळ संपल्यावर हेटी धावत वर आली. "डाव्या गालावर खळी, मॉड! खळी होती त्याला! मी विसरलेच होते गं!" आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, लाज कसली?

शनिवारी दुपारी शेवटचा खेळ. सिनेमा जाणार, आल्फही जाणार. मध्यंतरात साहेब पुन्हा वर. मनात म्हटलं, आले रिळं तपासायला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॉडबाई, आज काही चूक होणार असेल, तर मला काही कळलेलं नाही."

मी मुद्दाम चूक केली. हेटीची गोष्ट गावभर झालेली, थिएटर गच्च भरलेलं. ते दृश्य जवळ आलं तशी मासेवाली बेरिल मागून ओरडली, "चला, काढा रे चष्मे! उगीच डोकं कशाला दुखवून घेता?"

सगळ्यांनी काढले. चष्म्याशिवाय पडद्यावर नुसती दुहेरी, पुसट खरड दिसते. तीनशे माणसं त्या खरडीकडे बघत चिडीचूप बसली. चष्मा एकट्या हेटीच्याच डोळ्यांवर, आणि तिचा हात पुढे.

"अरे, टोपी तरी सरळ करायचीस, आल्फ!" हेटी मोठ्यांदा म्हणाली. "सिनेमावाले आले होते ना!"

सगळं थिएटर खो खो हसलं. मीही हसले आणि बाहीने डोळे पुसले. चष्मा मध्ये आला नाही, कारण तो मीही घातला नव्हता.