ताप नसलेला मायाप्पा

मी थर्मामीटर बोलतोय. साधासुधा नव्हे बरं का, सोलापुरातल्या एका गिरणीच्या दवाखान्यातला! जन्म विलायतेचा, त्यामुळे माझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. पारा शंभराच्या वर गेला तर रजा, नाहीतर चला मागावर. डॉक्टरसाहेब रोग्याकडे बघतच नसत, माझ्याकडे बघत. काय तो माझा रुबाब!

एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात जगदेवी आपल्या नवऱ्याला, मायाप्पाला, घेऊन आली. मायाप्पा गिरणीतला पटाईत विणकर, अंगानं धिप्पाड.

"दोन म्हैनं झालं, ह्यास्नी झोप न्हाय. भाकरी ग्वाड लागंना. भजन सोडलं, पोरीसंगटबी बोलत न्हाईत. मागावर धागा तुटला तर नुसतं बघत बसत्यात म्हनं."

मला मायाप्पाच्या जिभेखाली ठेवलं. मी ऐटीत सांगितलं, साडेअठ्ठ्याण्णव.

"काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "शुद्ध आळस! उद्या कामावर आला नाही तर नाव कमी करतो."

झालं! शेजारच्या सोनाबाईनं दृष्ट काढली, मुकादम म्हणाला सोंग आहे, चुलत्यानं तर दुसरं लग्न सुचवलं. उपाय सगळ्यांकडे तयार होते. मायाप्पाला मात्र कुणीच काही विचारलं नाही.

आठ दिवसांनी दोघं पुन्हा आली. डॉक्टर यायचे होते. कंपाउंडर रहिमतुल्लानं मला चक्क बाजूला ठेवलं आणि तो मायाप्पाशेजारी बाकावर बसला.

"मायाप्पा, मरावं वाटतंय का रे?"

जगदेवी दचकली. "असलं काय इचारता, भाऊ?"

"इचारायलाच पायजे, अक्का. माजा थोरला भाऊ असाच गप झाला होता. आमी त्याला आळशी म्हनत बसलो. गेला तो."

मायाप्पा म्हणाला, "रोज वाटतंय." आणि ढसाढसा रडायला लागला.

मग रहिमतुल्लानं मला उचललं आणि सरळ आपल्या कोमट झालेल्या चहात बुडवलं! डॉक्टर आले, त्यांनी माझ्यावर एकशे तीन बघितलं, महिन्याची रजा दिली आणि हिवतापावरचं क्विनीन लिहिलं.

"क्विनीन ऱ्हाऊ द्या," रहिमतुल्ला जगदेवीला हळूच म्हणाला. "ह्याला एकटं सोडू नका. हा आजार हाय, आळस न्हाय. मी रोज येतो." आणि खरंच तो रोज जाऊन बसायचा.

मायाप्पा काही लगेच बरा झाला नाही. दिवाळीच्या सुमाराला तो पोरीवर एकदा खेकसला, तर जगदेवी 'पोरीसंगट बोललं की!' म्हणत आनंदानं सगळ्या चाळीला सांगत सुटली.

आता माझे आकडे पुसट झालेत, रुबाबही उतरलाय. एकच विनवणी आहे. घरातलं कुणी असं गप झालं, तर मला घाईनं त्याच्या तोंडात कोंबू नका. मी तोंडात असलो की माणसाला बोलता येत नाही हो!