बर्फाच्या पानावर

नेपरव्हिलला आल्यापासून पद्मिनीला सकाळ झेपायची, संध्याकाळही झेपायची. मधली दुपार मात्र झेपत नव्हती. तिचा नवरा उल्हास सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा तो अंधार पडल्यावरच परत यायचा. तिचा व्हिसा बायकोचा, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. नागपूरला ती चौथीच्या वर्गावर शिकवायची. इथे दुपारी घरात इतकी शांतता असायची की फ्रीज बंद झाला तरी ती दचकायची.

त्यांना मूल नव्हतं. त्यामुळे जवळच्या शाळेत व्हॉलंटियर म्हणून नाव दिलं, तेव्हा ऑफिसमधल्या बाईंनी विचारलं, "तुमचं मूल कोणत्या वर्गात आहे?" पद्मिनीने नुसतीच नकारार्थी मान हलवली. तरी तिला घेतलं. दोन हजार सातचा जानेवारी होता, आणि तिसरीच्या मिसेस कोवाल्स्कींना मदतीची गरज होती.

मिसेस कोवाल्स्कींनी त्या वर्षी वर्गाचा विकी सुरू केला होता. म्हणजे इंटरनेटवरची पानं, सगळ्या मुलांनी मिळून लिहायची. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने सुधारायचं, तिसऱ्याने त्यात भर घालायची. विषय होता आपल्या गावातला हिवाळा. चाकं लावलेल्या कपाटातून लॅपटॉप वर्गात यायचे आणि मुलं दोघादोघांनी बसायची. कुणी पासवर्ड विसरायचं, कुणाच्या हातून अख्खा परिच्छेद पुसला जायचा. पद्मिनी बाकांमधून फिरत राहायची. मुलांचं स्पेलिंग घरून तपासता यावं म्हणून बाईंनी तिला तिचं वेगळं लॉगिन दिलं होतं.

त्याच वर्गात निधी होती. पुण्याहून दिवाळीनंतर आलेली, आठ वर्षांची. ती वर्गात बोलतच नसे. इंग्रजी तिला कळायचं, लिहिताही यायचं, पण बाईंनी काही विचारलं की ती ओठ आवळून खाली बघायची. मुलांनीही मग तिला विचारणं सोडून दिलं होतं. पद्मिनीने एकदा तिच्याजवळ वाकून हळूच मराठीत विचारलं, "पुण्यात कुठे राहायचीस गं?" निधीने चमकून वर पाहिलं, आजूबाजूच्या मुलांकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली.

त्या दिवशी दुपारी पद्मिनी घरी बर्फाचं पान तपासत होती. विकीवर प्रत्येक पानामागे चर्चेसाठी एक कोरी जागा असे. तिथे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं : 'काकू, मी कोथरूडला राहायची.'

पद्मिनी उठली, खोलीत एक चक्कर मारून परत बसली आणि तिने तसंच टाइप केलं, 'अरे वा! आता काय करून राहिली?'

'करून राहिली म्हणजे?'

'म्हणजे काय करते आहेस. आम्ही नागपूरचे असंच बोलतो.'

'काकू, तुमचं मराठी फनी आहे.'

पद्मिनी एकटीच मोठ्याने हसली. त्या घरात ती असं पहिल्यांदाच हसली असावी.

मग ते रोजचंच झालं. निधीची आई आश्लेषा एका बँकेच्या आयटीत होती, तिला यायला उशीर व्हायचा. घरी आजोबा असत, पण ते दुपारी झोपत. शाळेतून आल्यावर निधी दूध पिऊन कॉम्प्युटरवर बसायची. कोथरूडच्या मैत्रिणी, शेजारच्यांचा कुत्रा, सिंहगडावर एकदा वाट चुकली तेव्हा काय झालं, असं सगळं थोडंथोडं लिहायची. पद्मिनी शाळा सुटायच्या वेळेलाच चहा करून लॅपटॉपपुढे बसू लागली. बहिणीचा फोन आला तर "नंतर करते" म्हणून ठेवू लागली. उल्हासला तिने यातलं थोडंच सांगितलं. "शाळेत पुण्याची एक मुलगी आहे," एवढंच.

फेब्रुवारीत एका दुपारी खूप बर्फ पडला. निधी सिंहगडाची गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबली. मग अक्षरं उमटली : 'काकू, मेगन दारात आलीय. स्नोमॅन करायला बोलावते. जाऊ का?'

मेगन वर्गातलीच मुलगी, निधीच्याच गल्लीत राहणारी. इतक्या आठवड्यांत निधीला कुणी पहिल्यांदाच खेळायला बोलावलं होतं. पद्मिनीला हे लगेच कळलं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. पुढची सगळी दुपार तशीच पांढरी, रिकामी पसरलेली होती.

तिने लिहिलं, 'खूप थंडी आहे गं बाहेर. आणि सिंहगडाचं राहिलं ना अर्धंच?'

मग आलं, 'ओके. तिला नो सांगते.'

निधीने गोष्ट पूर्ण केली. वाट सापडली, बाबांनी सगळ्यांना दही घेऊन दिलं. पद्मिनी वाचत होती, पण तिचं लक्ष लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मेगन दुसऱ्या एका मुलीला स्नोमॅनच्या नाकाबद्दल सांगत होती. दोघी खिदळत होत्या. निधी त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. काकूंनी सांगितलं, तिने ऐकलं, एवढंच. पद्मिनीला त्या बाकाजवळ जाववेना.

सुट्टीत मुलं बाहेर गेल्यावर ती मिसेस कोवाल्स्कींच्या टेबलापाशी गेली आणि तिने सगळं सांगितलं. स्नोमॅनचंही. इंग्रजीत सांगताना शब्द अडखळत होते.

मिसेस कोवाल्स्कींनी ते पान उघडलं. खाली खाली जात राहिल्या. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. "एवढं बोलते ती?" त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला. "पॅडमिनी, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मोठ्या माणसाने मुलाशी असं घरून लिहिणं शाळेत चालत नाही. मला वाचता येत नाही अशा भाषेत तर नाहीच. तुमचं लॉगिन मला बंद करावं लागेल. निधीच्या आईला मी फोन करेन. तुम्ही वाईट काही केलं नाहीत, हेही सांगेन."

"मी यायचं बंद करू का?"

"नाही. मंगळवारी आणि गुरुवारी या. इथे, माझ्यासमोर, तिच्याशी हवं तेवढं मराठी बोला."

निधीला मात्र पद्मिनीने स्वतःच सांगितलं. "आता त्या पानावर आपण बोलायचं नाही हं."

"माझं काही चुकलं?"

"तुझं नाही गं राणी. माझं चुकलं. तू खेळायला जायला हवं होतंस."

निधीला ते पटलं नाही. पुढचे कितीतरी दिवस ती पद्मिनीशीही बोलली नाही. पद्मिनी जवळ गेली की ती स्क्रीनकडे बघत राहायची. घरी दुपारी पद्मिनी सवयीने लॅपटॉप उघडायची, पासवर्ड टाइप करायची, आणि तो चालत नाही असं लाल अक्षरांत येईपर्यंत तिला आठवायचंच नाही.

मार्चमध्ये तिने मिसेस कोवाल्स्कींना एकच विनंती केली, निधीला मेगनबरोबर बसवायची. बाईंनी दोघींना शेजारीशेजारी दोन लॅपटॉप दिले आणि बर्फ वितळण्याबद्दलचं एकच पान दिलं. पहिले काही दिवस दोघी नुसत्या टाइप करत राहिल्या. मग एका गुरुवारी दोघींनी जवळजवळ एकदमच सेव्ह केलं. मेगनचं राहिलं, निधीचं गेलं.

"यू इरेज्ड माय लाइन!"

अख्खा वर्ग वळला. निधी उभी होती, कान लालबुंद. मिसेस कोवाल्स्की काही बोलणार होत्या, त्या थांबल्या.

मेगन तिच्याकडे बघतच राहिली. "यू टॉक?"

"ऑफ कोर्स आय टॉक! अँड इट वॉज अ गुड लाइन!"

"सॉरी," मेगन म्हणाली. "व्हॉट वॉज इट?"

निधीने ती ओळ तिला सांगितली. मेगनने ती आपल्या हाताने पुन्हा टाइप केली. पद्मिनी मागच्या भिंतीशी उभी होती. कुणाचा तरी चार्जर निघाला होता, तो लावायला ती खाली वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

एप्रिलमध्ये पालकांसाठी कार्यक्रम झाला. प्रोजेक्टरने विकीची पानं भिंतीवर दिसत होती आणि मुलं आपापलं वाचून दाखवत होती. निधी आणि मेगन आळीपाळीने वाचत होत्या. निधीचा आवाज सुरुवातीला बारीक होता, मग चढत गेला. एका वाक्याला सगळे हसले, तशी तीही हसली.

पहिल्या रांगेत आश्लेषा कॅमेरा धरून उभी होती. कार्यक्रम संपल्यावर ती केकच्या टेबलापाशी आली. पद्मिनी तिथे पेपर प्लेट मांडत होती. "तुम्ही मराठी ना? मंगळसूत्रावरून वाटलं. मी निधीची आई. तुम्ही कोणाच्या आई?"

"कोणाची नाही. मी व्हॉलंटियर आहे."

आश्लेषाने कॅमेरा पर्समध्ये ठेवला. मग तिच्या लक्षात आलं. "अच्छा, तुम्ही त्या काकू? टीचरचा फोन आला होता." ती थोडी अवघडली. "खरं सांगू, तेव्हा मला राग आला होता. म्हटलं, इंग्रजी कधी बोलणार ही? आता बघा ना, थांबतच नाही. घरी मराठी बोल म्हटलं तरी इंग्रजीत उत्तर देते."

"हो का?" पद्मिनी म्हणाली.

"मॉम! कॅन मेगन कम ओव्हर?" निधी धावत आली. पद्मिनीला बघून थबकली. मग हात हलवून म्हणाली, "हाय, काकू!" आणि मेगनच्या मागे पळाली. आश्लेषा हसली, "भेटू या एकदा नक्की," म्हणाली आणि दोघींचे कोट शोधायला गेली. फोन नंबर घ्यायचं तिला सुचलं नाही. पद्मिनीने मागितला नाही.

रात्री जेवताना उल्हासने विचारलं, "कसा झाला प्रोग्राम?"

"छान झाला."

"आणि ती तुझी पुण्याची मुलगी?"

"बोलते आता. खूप बोलते."

"मग बरं झालं की."

"हो," पद्मिनी म्हणाली. "बरंच झालं." तिने त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. तो बातम्या बघायला उठला, तेव्हा ती दोन्ही ताटं घेऊन सिंकपाशी गेली. नळ सोडला. पाणी गरम व्हायला वेळ लागत होता, तोवर ती हात पाण्याखाली धरून उभी राहिली. पाणी गरम झालं, तरी ती तशीच उभी होती.