मायचा अर्धा ओठ

“डॉक्टरसाहेब, माह्या मायचा ओठ तुमच्याच हातानं बधिर झाला काय?”

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, शैलजा आणि कोकिळेनं, लावली होती. शाळा तपासायला आलेल्या नागपूरच्या बाईंना मी वर्गात धडाधड उत्तरं दिली, तेव्हापासून मी कोणालाही काहीही विचारू शकते असं दोघींना वाटतं. मलाही वाटतं. पण शेगावच्या दवाखान्यात प्रश्न तोंडातून निघाला आणि मी मागं वळून पाहिलं. दोघी दाराआड.

पोळ्याच्या सुमारास याच डॉक्टरांनी मायची अक्कलदाढ काढली. दुखणं गेलं, पण डावीकडचा अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर राहिली. वरण ओघळलं तरी तिला कळत नाही. पंगतीत ती भिंतीकडे तोंड करून बसते. आता माझीही दाढ ठणकत होती. लवंगेनं हटेना, आणि दवाखान्याचं नाव काढलं की माय म्हणे, “तुह्यं तोंड असं झालं तर कोन बायको करन तुले?”

कारणं तर सगळ्यांकडे तयार होती. अन्नपूर्णामावशी म्हणे, अमावास्येला दाढ काढली म्हणून. बाबा म्हणत, सुईचं औषध चढलं. शैलजा म्हणे, डॉक्टरनं शीरच तोडली.

डॉक्टर रागावले नाहीत. “बस,” म्हणाले. “खालच्या जबड्याच्या हाडातून एक मज्जातंतू जातो. ओठाला स्पर्श कळतो तो त्याच्यामुळे. तुझ्या आईच्या दाढेची मुळं वाकडी, खोल रुतलेली होती. ओढताना तंतू दबला असेल. सुईनं दुखावला असेल. नाहीतर मागाहून सूज आली, तिनं दाबला असेल.”

“मंग खरं कारन कोन्तं?”

“ते मला सांगता येत नाही.” ते सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, “माझ्या हातून झालं असेल. नाही म्हणत नाही.”

ते ‘नाही’ म्हणतील म्हणून मी पुढचा टोला घोकून आले होते. तो तसाच राहिला.

“आईला तिथं मुंग्या येतात का?”

येत होत्या. मावशी म्हणे, अंगात इख चढून राह्यलं, जहर.

“मग तंतू जागा होत असावा. महिने लागतात. कधी पुरतं बरं होतं, कधी थोडं राहून जातं.”

मग माझी दाढ दाखवायला मी तोंड उघडलं. त्यांनी छोटा आरसा आत घालून पाहिलं. “ही अक्कलदाढ नाही, तिच्या पुढची आहे, किडलीय. अशा दाढेची मुळं बहुधा सरळ असतात. धोका कमी, पण अजिबात नाही असं नाही. ठेवलीस तर पू होईल.”

बाहेर शैलजा म्हणाली, “कबूल केलं नं त्यानं!”

“कबूल नाही. ‘असेल’ म्हनले.”

“पैज जितली बे तू,” कोकिळा म्हणाली. “मंग तोंड काऊन पाडलं?”

मला ते ‘असेल’ सोडत नव्हतं. ज्यांनी दाढ पाहिलीसुद्धा नाही त्यांना कारण पक्कं ठाऊक, आणि ज्यानं काढली त्यालाच ठाऊक नाही. तरी माझा भरवसा त्याच्यावरच बसत होता.

संध्याकाळी माय फुलवाती वळत होती. “डोये मीट,” म्हटलं आणि एक वात तिच्या हनुवटीवर फिरवली. उजवीकडे ती “हाव” म्हणाली. डावीकडे गप्प. ओठाच्या कोपऱ्याशी आले तशी दचकली. “काहीतरी चावल्यावानी झालं.”

मुंग्या म्हणजे तंतू जागा होत असावा, हे डॉक्टरांचं म्हणणं मी सांगितलं. ती बोटानं तोच कोपरा चाचपत राहिली. बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला.

“उद्या मी दाढ काढाले जाऊन राह्यली,” मी म्हटलं. “भेव लागते, पन जातो. बाबा, तुमी संग चला. आन माय, तू बी. तुह्या मुंग्या डॉक्टरले तुलेच सांगा लागन.”