दहा टोप्या

“टोप्या धा आणू का बारा?”

शेजारचा दत्तराव दारातच उभा होता. हातात कापडी पिशवी, पायात चपला तशाच. बाजारात निघाला होता.

“टोप्या कशाला?” मी विचारलं.

“तुमीच म्हणलाव की त्या दिशी, डोकं उघडं चालत न्हाई म्हणून. ठाण्याचे पाव्हणे सूटबुटातले. त्यांच्याजवळ कुठली टोपी?”

“असते त्यांच्याजवळ. लहानशी असते, खिशात ठेवतात.”

“आन एखादा विसरला मंग? एका टोपीपायी वहिनीचं काम अडवायचं का?”

मी म्हणालो, दहा आण.

“तुमाला धरून?”

“मला धरून.”

तो गेला. मिल्का असती तर तिनं त्याला चहा दिल्याशिवाय सोडलं नसतं.

मिल्का माझी बायको. गेल्या हिवाळ्यात गेली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आडनाव झिराडकर. झिराड गाव अलिबागकडं आहे, मी तिथं एकदाच गेलोय. वडील रेल्वेत होते, त्यांची बदली पूर्णेला झाली आणि आम्ही इथलेच झालो. मीही रेल्वेतच फिटर होतो. एकेकाळी कॉलनीत आमची बरीच घरं होती. काही मुंबईला गेली, बाकीची इस्राएलला. आमची मुलगीही तिकडंच असते. शेवटी मिल्का आणि मी असे दोघंच उरलो होतो.

आमच्यात माणूस गेलं की कादीश म्हणतात. ती प्रार्थना आहे, पण एकट्यानं म्हणता येत नाही. आमचेच दहा पुरुष उभे असावे लागतात. दवाखान्यात मिल्का मला म्हणाली होती, “माझं पुस्तक कुणी वाचलं नाही तरी चालेल. पण मला मुक्यानं पुरू नका.”

मी तिला मुक्यानंच पुरलं. आमचं कब्रस्तान इथं नाही, म्हणून ख्रिस्ती कब्रस्तानाच्या कोपऱ्यात जागा मागून घेतली. दत्तरावच्या बायकोनं, सुलाबाईनं, आणि शेजारच्या बायकांनी तिला आंघोळ घातली. मी दाराबाहेर उभा राहून कसं करायचं ते सांगत होतो. मातीला अख्खी आळी आली होती. रेल्वेतले जुने लोक आले, विहारातले आले. एवढी माणसं, पण आमच्यातला मी एकटा. मुलगी फोनवर बघत होती. मी येतात ती दोन-चार स्तोत्रं म्हटली. कादीश राहिली.

तिनं एक पुस्तक लिहिलं होतं, ‘शनिवारची चूल’. परभणीला छापून घेतलं होतं. शुक्रवारी सूर्य बुडाला की आमचा शब्बाथ लागतो. मग शनिवारी संध्याकाळपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, ओझं उचलायचं नाही. शनिवारी सकाळी सुलाबाई यायची, न सांगता चूल पेटवायची, पुढं पुढं गॅस पेटवायची, आणि चहा उकळला की दोघी गप्पा मारत बसायच्या. मिल्कानं त्या गप्पा लिहिल्या. दुसरं काही नाही त्यात. पुस्तक वाचनालयांना फुकट वाटलं. त्यातली एक प्रत कॉलेजातल्या मराठीच्या आदिनाथ सरांना सापडली आणि ते घरी आले. ती गेल्यानंतर आले.

ठाण्याची एक मंडळी गावोगाव ज्यू लेखकांचा आणि ग्रंथांचा उत्सव भरवते. जिथं कधीकाळी आमचे लोक राहत होते अशा गावी जातात. आदिनाथ सरांनी त्यांना पूर्णेला बोलावलं. मिल्काच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचंही त्यांनीच ठरवलं.

मी सरांना एकच विचारलं, “पुरुष किती येणार आहेत?”

ते गोंधळले. त्यांनी ठाण्याच्या पेझारकरांचा नंबर दिला. पेझारकर त्या मंडळींचे म्होरके. फोनवर त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आरोनकाका, आम्ही नऊ पुरुष आहोत. तुम्हाला धरून दहा होतात, मिनयान पुरं होतं. चारला सभागृहातून निघू, कब्रस्तानात जाऊ. दिवस बुडायच्या आत सगळं आटपेल.”

मी फोन ठेवला आणि तसाच दत्तरावकडं गेलो. तो म्हणाला, “मंग झाडझूड माझ्याकडं. लय बाभळी माजल्यात तिथं.”

एक घोटाळा मात्र तेव्हाच लक्षात आला होता. आदिनाथ सर मोठ्या कौतुकानं सांगत होते, “शनिवार तुमचा पवित्र वार, म्हणून मुद्दाम शुक्रवार धरला.”

“सर, आमचा शनिवार शुक्रवारीच लागतो. सूर्य बुडाला की.”

“आदल्या दिशीच?” ते डोकं खाजवत म्हणाले. “आता पत्रिका छापून झाल्या, काका. पण काळजी करू नका. चारच्या आत उरकतो.”

त्या दिवशी मी सकाळीच आंघोळ करून, लग्नातला कोट घालून कॉलेजात गेलो. फाटकावर फ्लेक्स लावला होता. त्यावर मिल्काचा फोटो होता. मुलीच्या लग्नातला, हसरा. पाहुणे गाडीतून उतरले. पेझारकर माझ्या गळ्यात पडले, मग पायरीवर उभं राहून सगळ्यांकडं बघत हळूच पुटपुटले, “एक नाही, दोन नाही, तीन नाही...” आमच्यात माणसं मोजत नाहीत. मोजायची वेळ आलीच तर अशी नाही म्हणत मोजतात. शेवटी माझ्याकडं बोट न दाखवता, नुसतं बघत म्हणाले, “दहा नाही.” आणि हसले.

सभागृहात टेबलांवर पांढरी कापडं टाकून पुस्तकं मांडली होती. जुनी मराठी कीर्तनं होती, आमच्या लोकांनी रचलेली. मासिकं, गोष्टींची पुस्तकं, हिब्रू प्रार्थनेची पुस्तकं. निकिता नावाची एक मुलगी टेबल सांभाळत होती. तिनं प्रार्थनेचं एक पुस्तक उघडलं आणि घाबरून माझ्याकडं आली.

“काका, हे उलटं बांधलंय का? आमच्या हातून तर झालं न्हाई ना?”

“नाही बाई, ते उजवीकडूनच उघडतात.”

“आन बाईंचं?”

“तिचं डावीकडून. ती मराठीत लिहायची.”

भाषणं झाली. एका बाईंनी मिल्काच्या पुस्तकातलं चुलीचं पान वाचलं. सुलाबाईचं नाव आलं तेव्हा मागं बसलेल्या बायका हसल्या आणि सुलाबाईला कोपरानं ढोसायला लागल्या. ती पदर तोंडाला लावून बसली. दुपारी मी दोन पोळ्या खाल्ल्या. वर्षभरात मला भूक अशी लागलीच नव्हती.

साडेतीनला सगळं आटपलं. राहिलं फक्त मिल्काच्या पुस्तकाचं प्रकाशन. पुस्तकाच्या प्रती लाल कागदात बांधून, फीत लावून मंचावर ठेवल्या होत्या. ते आबासाहेबांच्या हस्ते होणार होतं. आबासाहेब संस्थेचे अध्यक्ष. ते आले नव्हते.

“मानवतला लग्नाला गेलेत, निघालेत तिथून,” आदिनाथ सर म्हणाले.

तोवर सत्कार सुरू झाले. मला मंचावर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. मग पाहुण्यांना एकेक शाल. मग शिपाई, माळी, मंडपवाला. चार वाजले. सर फोन कानाला लावून आत-बाहेर करत होते.

“परभणीत आलेत साहेब. चहाला थांबलेत.”

खिडकीतलं ऊन पिवळं पडायला लागलं. मला ते समोर दिसत होतं. शेवटी मी उठलो. पेझारकरही खाली उठून उभे राहिले. आदिनाथ सर धावत आले, माझा हात धरला.

“काका, पाच मिनिटं. बाईंच्याच पुस्तकाचं प्रकाशन हाय. तुमीच उठल्यावर कसं व्हायचं? साहेब फाटकात आलेच.”

लाल कागदातला गठ्ठा माझ्यासमोरच होता. मी बसलो. मला बसलेलं बघून पेझारकरही बसले.

मधे पाहुण्यांतले एक डॉक्टर आणि त्यांचा भाऊ घड्याळ बघत उठले, पेझारकरांच्या कानाशी काही बोलले, मंचाकडं बघून मला हात जोडले आणि बाजूच्या दारानं बाहेर पडले. मला वाटलं, हात धुवायला गेले असतील.

आबासाहेब आले तेव्हा ताशा वाजला. हार झाले. मग ते बोलायला उभे राहिले.

“इस्रायल! एवढासा देश,” त्यांनी चिमटीनं दाखवलं. “पण पाण्याचा थेंब न् थेंब वाचवतो. ठिबक सिंचन कुणाचं? यांचं! आपल्या पाव्हण्यांचं!”

टाळ्या झाल्या. ठाण्याचे पाहुणे एकमेकांकडं बघत होते. त्यांच्यातला एक बँकेत होता, एक शाळामास्तर. आबासाहेब ठिबकवरून शेततळ्यावर आले, शेततळ्यावरून सोयाबीनवर. मी खिडकीकडं बघत होतो. ऊन खिडकीवरून भिंतीवर चढलं, मग भिंतीवरही राहिलं नाही. कुणीतरी दिवे लावले. तेव्हा आबासाहेबांनी फीत सोडली, लाल कागद फाडला आणि पुस्तक फोटोवाल्याकडं धरून म्हणाले, “कैलासवासी मल्लिकाबाईंच्या स्मृतीला अभिवादन करून मी माझे दोन शब्द संपवतो.”

बाहेर पायरीवर पेझारकर उभे होते. पश्चिमेला थोडा तांबूसपणा होता, तोही गेला.

“काका, आता कब्रस्तानात जाता यायचं नाही. शब्बाथ लागला.”

“मग इथंच म्हणू. इथं पायरीवर, उभ्या उभ्या.”

त्यांनी वळून बघितलं आणि पुटपुटायला लागले. सात नाही, आठ नाही. तिथंच थांबले.

“डॉक्टर कुठं आहेत?” मी विचारलं.

“नांदेडला गेले. त्यांचं विमान होतं, काका. चारचं काम म्हणून तर थांबले होते.”

“कुणी दुसरं? परभणीत, नांदेडात कुणी आपलं?”

“तुम्हाला ठाऊक आहे ना.”

मला ठाऊक होतं.

पेझारकरांचे डोळे भरले होते. माणूस भला होता. “ठाण्याला आम्ही म्हणू तिच्या नावानं. नक्की म्हणू.”

“म्हणा,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण मिल्का ठाण्याला कधी गेलीच नव्हती. ती इथं होती, स्टेशनापलीकडं, बाभळीखाली.

“पुढच्या वर्षी कुठं आहे उत्सव?”

“कोल्हापूरचं चाललंय,” ते म्हणाले आणि माझा हात हातात धरून उभे राहिले.

निकिता पुस्तकांचा गठ्ठा आणि नारळ घेऊन आली. मी म्हणालो, “राहू दे बाई. आज मला काही उचलता येत नाही.” तिला वाटलं मी थकलोय. तिनं खुर्ची आणली. मी बसलो नाही.

शब्बाथ लागल्यावर कब्रस्तानात जायचं नसतं. पण दत्तराव दुपारपासून तिथं होता. त्याला निरोप द्यायला हवा होता. मी चालत गेलो. फाटकाशी पोचलो आणि बाहेरच उभा राहिलो.

आत कंदील होता. बाभळी तोडून एका बाजूला रचल्या होत्या. मिल्काची कबर झाडून, पाणी मारून स्वच्छ केली होती. शेजारी सतरंजी होती, विहारातली, निळ्या काठाची. सतरंजीच्या कडेनं पांढऱ्या टोप्या ओळीनं मांडल्या होत्या, घडी मोडून, जशा घालायच्या तशा. दत्तरावनं स्वतः एक घातली होती. पाहुण्यांपुढं आपलंही डोकं उघडं नको, असं त्याला वाटलं असावं.

“आरोनभाऊ! कव्हाची वाट बघायलोय. पाव्हणे कुठं हायत?”

“नाही येणार.”

“न्हाई येणार? कामून?”

“उशीर झाला.”

“आता कसला उशीर? कंदील हाय की.” तो फाटकापर्यंत आला. “तुमी आत या की. भाईर कामून उभे?”

“मला आता आत येता येत नाही, दत्तराव.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मागं कबरीकडं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “धाच माणसं लागत्यात ना? मी हाय. आमचा पोरगा बन्सीधर घरीच हाय. विहाराजवळून आठ जण आणतो, पाच मिन्टात. वहिनीसाठी कुणीबी येईल. तुमी भाईरूनच म्हणा, आमी आत उभे राहतो.”

“तसं चालत नाही.”

“कामून चालत न्हाई?”

याच्या बायकोनं मिल्काला आंघोळ घातली होती. तीस वर्षं शनिवारी आमची चूल पेटवली होती. मी फाटकाचा गज धरून उभा राहिलो.

“बरं,” दत्तराव म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो मागं गेला, एकेक टोपी उचलली, घडी घातली, एकात एक सरकवून पिशवीत ठेवली. सतरंजी झटकली, गुंडाळून काखेत मारली. कबरीवर वाळकं पान पडलं होतं ते उचललं. मग कंदील घेऊन फाटकाबाहेर आला आणि कडी लावली.

आम्ही घराकडं निघालो. तो एक पाऊल पुढं, उजेड माझ्या पायांवर पडेल असा कंदील धरून. विहारासमोर बसलेल्या बायकांनी त्याच्याकडं बघितलं. एकीनं विचारलं, “काय दत्तराव, पुढारी झालाव का?”

त्याला कळलं नाही. टोपी डोक्यावर तशीच होती. मी त्याला सांगितलं नाही.