परवाना गेलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी टीव्हीची पेटी आहे. पेटी म्हणते, कारण माझं अंग खऱ्या लाकडाचं आहे. हल्लीचे ते भिंतीला चिकटवलेले पापड मी टीव्हीत मोजतच नाही. मला उचलायला दोन धडधाकट माणसं लागायची आणि तीही जिन्यात एकदा दम खायला थांबायची.

माझा जन्म कारखान्यातला. बायका रांगेत बसून माझ्यासारख्या पेट्यांच्या तारा जोडायच्या. मला जोडणारीचं त्या दिवशी घरी काहीतरी बिनसलं असावं, म्हणून माझा आवाज पहिल्यापासून जरा खरखरीत आहे. त्याची मला लाज नाही. पुढची चव्वेचाळीस वर्षं मी इंग्रजांच्या मुलखातल्या फ्लीटवुड गावात, समुद्राकाठच्या एका गल्लीत, बेरिल विग्नॉलच्या घरी काढली. पुढच्या खोलीत, शेगडीच्या शेजारी, मानाच्या जागी.

बेरिलचा नवरा क्लिफ गोदीत मासे उतरवायच्या कामावर होता. मुलं दोन, थोरली जॅनिस आणि धाकटा कीथ. शनिवारी फुटबॉलचे निकाल सांगायला लागले की सगळं घर माझ्यापुढे येऊन बसायचं. कीथ तर इतका जवळ सरकायचा की बेरिल म्हणायची, आता नाकच आत घाल म्हणजे झालं. रोज सकाळी ती माझी काच ओल्या फडक्याने पुसायची. शेजारणीला सांगायची की आमची पेटी अजून एकदाही बिघडली नाही. ते ऐकून मी अधिकच उजळून दिसायची.

मग दक्षिणेकडच्या दूरच्या बेटांसाठी लढाई लागली. कीथ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि आरमारात होता. एका संध्याकाळी बातम्या सांगणाऱ्या माणसाने बुडालेल्या जहाजाचं नाव घेतलं. अगदी संथ आवाजात घेतलं. बेरिलच्या मांडीवर मासे नि बटाट्याच्या तळलेल्या फोडींची बशी होती. ती तिने खाली ठेवली, उठून माझ्यापाशी आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. दारावर आरमाराचा माणूस नंतर आला. तिला ते आधी माझ्या तोंडून कळलं. मित्रांनो, एवढं वाईट बोलणं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

कीथ सापडला नाही. त्याची कबर नाही, दगड नाही, फुलं ठेवायला जागा नाही. म्हणून नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारची दोन मिनिटंच बेरिलने धरून ठेवली. त्या दिवशी राजधानीत लढायांत मेलेल्यांसाठी सगळे शांत उभे राहतात, आणि ते मी जसंच्या तसं दाखवते. बेरिल आणि क्लिफ चांगले कोट घालून, छातीला खसखशीचं कागदी लाल फूल लावून माझ्यापुढे येत. अकराला तोफ वाजे. दोघं उभी राहत. तिकडे शांत, इकडे शांत. दुसरी तोफ वाजली की दोन मिनिटं संपली. मग क्लिफ म्हणायचा, "बस आता, बाई." आणि ती बसायची.

गावातही स्मारक आहे. पण चारचौघांत डोळे पुसणं बेरिलला कमीपणाचं वाटे. क्लिफ गेल्यावर ती एकटीच उभी राहू लागली. गुडघे बोलायला लागले तसा माझ्या डोक्यावर हात टेकवू लागली.

वर्षं गेली. नव्या तऱ्हेचं प्रसारण आलं तेव्हा माझ्या गळ्यात एक डबी बांधली, तरच मला दिसायचं. तेही मी सोसलं. मग जॅनिसने आईला एक काचेची पाटी आणून दिली. बेरिल अंथरुणात पडून तिच्यावर जुन्या मालिका बघू लागली. नोव्हेंबरातला तो रविवार सोडला तर माझ्यावर धूळ बसली. स्वयंपाकघरातला रेडिओ मात्र दिवसभर बडबडत असायचा. फ्रिजवर बसून एवढा तोरा! मला तो कधीच आवडला नाही.

आमच्याकडे टीव्ही बघायला परवाना लागतो. जे घडतंय ते त्याच वेळी बघायचं, तर दरवर्षी पैसे भरावे लागतात. ते बघत नसाल तर तसं कळवायचं, म्हणजे परवाना रद्द होतो. पण मग चालू प्रसारण एक मिनिटही बघायचं नाही.

एका रविवारी जॅनिस आली आणि तिने आईला विचारलं, "आई, तू यावर चालू काही बघतेस का आता?"

बेरिलचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. तिच्याकडून सरळ उत्तर कधी मिळायचंच नाही. ती म्हणाली, "बघण्यासारखं उरलंय काय त्यात? परवा एक बाई अर्धा तास गाजर कसं कापावं ते सांगत होती. मी साठ वर्षं काय दातांनी कापत होते?"

जॅनिस हसली. तिने ते उत्तर धरलं आणि तिथेच बसून फोनवर अर्ज भरून टाकला. चालू प्रसारण बघत नाही, असं आईच्या नावाने कळवलं. बेरिलनेही मान डोलावली. तिच्या मनात गाजर होतं. नोव्हेंबरातला रविवार त्या घटकेला दोघींच्याही मनात आला नाही.

आठवड्याने परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं. बेरिलने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग माझ्यामागे हात घालून छपरावरून येणारी तार उपटली आणि लोकरीसारखी गुंडाळून ठेवली. तेवढ्यावर ती थांबली नाही. स्वयंपाकघरात गेली, रेडिओ उचलला आणि जिन्याखालच्या कपाटात टाकला. तिच्या लहानपणी रेडिओलाही परवाना लागायचा. तिचे वडील टपाल कचेरीत रांगेत उभे राहून तो काढायचे. तिच्या डोक्यात हिशेब तोच राहिला होता.

खरं सांगते, रेडिओ कपाटात गेला तेव्हा मी मनात खूश झाले. म्हटलं, माझी पत गेली तर याचीही जाऊ दे.

नोव्हेंबर लागला तशी ती माझ्यापुढे येऊन बसायला लागली. नुसतीच. एकदा तिने तार हातात घेतली, बघितली आणि परत ठेवली. शेजारची डॉट तिची जुनी मैत्रीण. डॉट म्हणाली की दोन मिनिटं लावलंस तर कोण बघायला येतंय? आमच्या गल्लीत सगळे मानतात की परवान्यावाल्यांची एक गाडी फिरते आणि तिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं. पण बेरिलला गाडीचं भय नव्हतं.

"मी लिहून दिलंय," ती म्हणाली.

डॉटने मग स्वतःच्या घरी बोलावलं. तिच्याकडे परवाना होता, आणि भिंतीला भिंत लागून तर घर.

"कीथ माझा आहे. मी माझ्याच घरात उभी राहणार," बेरिल म्हणाली. "तू जा तुझ्या स्मारकावर. टोपी घालून जा, नाहीतर सर्दी होऊन माझ्याकडेच काढा मागायला येशील."

जॅनिसला फोन करून सांगता आलं असतं. पण आपणच हो म्हणालो होतो, हे कबूल करणं बेरिलच्या रक्तात नव्हतं.

तो रविवार आला. तिने चांगला कोट घातला, फूल लावलं. डॉट स्मारकाकडे निघून गेली होती, त्यामुळे भिंतीपलीकडूनही काही ऐकू येईना. घड्याळात अकरा वाजले तशी बेरिल माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

माझी काच काळी होती. तिच्यात तीच दिसत होती.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. ती हलली नाही. मला वाटलं आता बसेल. घड्याळ तिच्या पाठीमागे होतं आणि तिने वळून बघितलं नाही. कीथसाठी उभं राहिल्यावर घड्याळाकडे बघणारी बाई नव्हतीच ती. तिचा हात आधी हलका होता, मग जड झाला. सगळा भार माझ्यावर आला. मी लाकडाची होते म्हणून तिला पेललं.

डॉट पाऊण वाजता आली. तोवर बेरिलचे ओठ पांढरे पडले होते, पाय बुटांत सुजले होते. डॉट घाबरून म्हणाली, "अगं बसली का नाहीस?"

"संपलं म्हणून कुणी सांगितलंच नाही," बेरिल म्हणाली.

डॉटने तिचा हात माझ्यावरून सोडवला. "संपलं गं," ती म्हणाली. "बस आता, बाई."

संध्याकाळी जॅनिस आली. आईच्या पायांवर घालायला घोंगडी शोधताना तिने जिन्याखालचं कपाट उघडलं आणि रेडिओ हातात घेऊन बाहेर आली. हा इथे कशाला, तिने विचारलं. परवाना नाही ना, बेरिल म्हणाली.

जॅनिसने रेडिओ आईच्या मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आई, रेडिओला परवाना लागत नाही. मी अकरा वर्षांची होते तेव्हापासून लागत नाही. दोन्ही तोफा यावरही ऐकू आल्या असत्या."

बेरिलच्या तोंडून त्यावर एकही टोमणा निघाला नाही. त्यावरूनच मी ओळखलं की आता फार दिवस नाहीत. त्या रात्री ती अंथरुणाला टेकली ती पुन्हा नीट उठली नाही. फेब्रुवारीत गेली. जॅनिसने रेडिओ नेला. मला नगरपालिकेच्या भंगाराच्या आवारात आणून टाकलं, आणि इथे माझं लाकूड फुगायला लागलं आहे.

मित्रांनो, माझं सोडा, माझे दिवस भरलेच होते. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस मला हे लागत नाही म्हणालं, तर लगेच फोन काढू नका. त्याच्यापाशी बसा, आणि वर्षातल्या कुठल्या दिवशी त्याला ते लागतं, तेवढं विचारा. जॅनिस वाईट नव्हती. तिने प्रश्न विचारला होता, फक्त पहिलंच उत्तर खरं धरलं. आणि मी? मला बोलता येत नव्हतं हे खरं. पण रेडिओ कपाटात गेला तेव्हा मी खूश व्हायला नको होतं.